सोसायटीचे हिशेब, फ्लॅटचे कागद आणि ब्लॉकचेनची साक्ष: काम कसं करायचं, कुठे फसतं

सोसायटीतले पैशाचे बरेच वाद चोरीचे नसतात. 'हा कागद तेव्हा असाच होता का?' या एका प्रश्नावर ते वर्षानुवर्षं अडकून राहतात. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीत रीडेव्हलपमेंट निघते आणि निविदेच्या वेळची चटई क्षेत्राची यादी करारनाम्याच्या वेळच्या यादीशी जुळत नाही. कोपरखैरणेत वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशन फाइलला लावलेली असतात, पण दोन नंतर टाइप केली की तेव्हाच आली होती, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. नॉमिनेशनचा फॉर्म सभासद हयात असताना आला की गेल्यावर, याची नोंद एकाच वहीत असते आणि ती वही एकाच माणसाच्या कपाटात असते.

ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली आणि मागची नोंद गुपचूप बदलता न येणारी वही, इथे खरोखर उपयोगी पडते. तिचं काम एकच आहे, पण ते ती चोख करते: अमुक फाइल, अगदी याच रूपात, अमुक तारखेआधी अस्तित्वात होती, हे ती कोणाच्याही शब्दावर विसंबून न राहता दाखवते. फाइलमधलं बिल खरं की खोटं हे ती सांगत नाही. फ्लॅटची मालकीही तिने एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. या मर्यादा डोक्यात पक्क्या असतील तर शंभर फ्लॅटच्या सोसायटीला हे काम महिन्याला अर्ध्या-पाऊण तासात, एकही नाणं विकत न घेता करता येतं.

हॅश म्हणजे काय, तेवढं आधी

कोणतीही फाइल एसएचए-२५६ या गणिती रीतीतून काढली की ६४ अक्षरांची एक ओळ मिळते. तिला हॅश म्हणतात. माणसाच्या बोटाच्या ठशासारखी ती त्या फाइलची ओळख असते. टँकरच्या बिलात १,८०० चे १८,००० केले, किंवा नुसता एक स्वल्पविराम हलवला, तरी सगळी ओळ बदलते. हॅशवरून फाइल उलटी बनवता येत नाही, आणि तोच हॅश येणारी दुसरी फाइल मुद्दाम घडवण्याची रीत आजवर कोणाला सापडलेली नाही.

विंडोजवर सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर बसवलं की फाइलवर राइट क्लिक करून सीआरसी-एसएचए या मेनूतून एसएचए-२५६ काढता येतो. फाइल एकेकच निवडा. चार एकदम निवडल्या तर चौघींचा मिळून एक आकडा येतो आणि तो पुढे कशाशीच जुळत नाही. पॉवरशेल वापरणाऱ्यांना गेट-फाइलहॅश ही आज्ञा पुरते. ती काही न सांगता एसएचए-२५६ च काढते. मॅकवरच्या शासम या आज्ञेला मात्र २५६ असं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर ती जुना एसएचए-१ काढून देते. त्यात ४० अक्षरं असतात, त्यामुळे चूक झाली की लांबीवरूनच कळते.

पहिल्या महिन्याची मांडणी

सुरुवात आर्थिक वर्षाच्या आरंभी, एप्रिलमध्ये केली तर सोपं जातं, पण त्यासाठी थांबून राहू नका. पहिल्या फोल्डरमध्ये आजची स्थिती गोठवायची असते. शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सर्व बँक खात्यांची स्टेटमेंट, प्रत्येक एफडीची पावती, थकबाकीची यादी, आय रजिस्टर (सभासदांची नोंदवही) आणि जे रजिस्टर (सभासदांची यादी) यांची सगळी पानं, शेअर सर्टिफिकेटच्या नोंदवहीची पानं आणि चालू करार (लिफ्ट, सिक्युरिटी, हाउसकीपिंग). रजिस्टरची पानं स्कॅन करताना कोरी पानंही घ्या आणि शेवटच्या नोंदीखाली सचिवांनी आडवी रेघ मारून सही केल्यावरच स्कॅन करा. मधल्या रिकाम्या जागेत नंतर एखादं नाव बसवलं गेलं तर ते या स्कॅनशी ताडून लगेच दिसतं.

एफडीसाठी एक साधा तक्ता ठेवा. पावती क्रमांक, बँक, रक्कम, व्याजदर, मुदतपूर्तीची तारीख, आणि नूतनीकरण झालं तर जुना क्रमांक व नवा क्रमांक शेजारी शेजारी. आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंडासाठी (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवायचा निधी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती-देखभाल निधीसाठी ०.७५ टक्के गोळा होतो. पंधरा वर्षांत ही रक्कम मोठी होते आणि ती बहुतेक एफडीतच पडून असते. एफडी मोडली, दुसऱ्या बँकेत गेली, व्याज चालू खात्यात वळलं, अशा वळणांवरच माग सुटतो. जुना-नवा क्रमांक जोडलेला असला की एकही कडी निसटत नाही. यात एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवा: पावतीचा हॅश नीट असला म्हणून बँक सुरक्षित ठरत नाही. ठेव विम्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाख रुपये आहे, आणि सोसायटी हा एकच ठेवीदार धरला जातो.

दर महिन्याचं काम

महिना संपल्यावर एक दिवस ठरवून टाका, समजा पुढच्या महिन्याची १० तारीख. फोल्डरमध्ये साधारण आठ-दहा फाइल येतात: बँक स्टेटमेंट, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेलं कॅशबुक आणि बँकबुक, बँक जुळवणी पत्रक, व्हाउचर आणि बिलांचं एकत्र स्कॅन, मेंटेनन्स वसुलीची यादी, थकबाकी, एफडी तक्ता, आणि त्या महिन्यात झालेल्या कमिटी सभेचं सही केलेलं इतिवृत्त. सगळं पीडीएफमध्ये. एक्सेलची फाइल नुसती उघडून सेव्ह केली तरी तिच्या पोटातली वेळ बदलते आणि हॅशही बदलतो, म्हणून एक्सेल कामापुरती ठेवा, या फोल्डरमध्ये घालू नका.

फाइलच्या नावाचा एकच नियम पाळा: वर्ष, महिना, क्रमांक, विषय. नावात जागा सोडू नका, जोडरेघ वापरा.

मग एक साधी टेक्स्ट फाइल बनवा, नोटपॅडमध्ये. तिची पहिली ओळ म्हणजे मागच्या महिन्याच्या यादीचा हॅश. त्याखाली प्रत्येक ओळीत एका फाइलचा हॅश आणि त्या फाइलचं नाव. सेव्ह करून बंद करा. आता या यादीचाच हॅश काढा. हा झाला महिन्याचा हॅश. पहिल्या ओळीमुळे एप्रिल मेमध्ये बांधला जातो, मे जूनमध्ये. ऑगस्टमध्ये बसून एप्रिलचं एक व्हाउचर बदलायचं ठरवलं तर एप्रिल, मे, जून, जुलै या चारही याद्या पुन्हा कराव्या लागतील आणि चारही हॅश वेगळे येतील. ब्लॉकचेनची 'चेन', म्हणजे साखळी, असते ती हीच, आणि ती नोटपॅडमध्येही बांधता येते.

यानंतर यादीवर तारखेचा बाहेरचा शिक्का घ्यायचा. त्यासाठी ओपनटाइमस्टॅम्प्स ही मोफत, खुली व्यवस्था आहे. तिच्या संकेतस्थळावर यादीची फाइल टाकली की हॅश तुमच्या ब्राउझरमध्येच निघतो. फाइल बाहेर जात नाही, फक्त हॅश जातो. ही व्यवस्था हजारो लोकांचे हॅश एका झाडासारख्या रचनेत जोडत जोडत त्यांचा एकच हॅश करते आणि तेवढा एक बिटकॉइनच्या व्यवहारात नोंदवते. सगळ्यांचा मिळून एकच व्यवहार होत असल्यामुळे ती तुमच्याकडून पैसे घेत नाही. तुम्हाला ओटीएस शेपटीची एक छोटी पुरावा-फाइल मिळते.

इथे बरेच जण थांबतात आणि तिथेच चुकतात. पहिल्या मिनिटाला मिळालेली पुरावा-फाइल अपुरी असते. बिटकॉइनचा एक ब्लॉक (व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा) सरासरी दहा मिनिटांनी होतो, पण तुमचा हॅश ज्या व्यवहारात जाईल तो व्हायला काही तास लागू शकतात. दुसऱ्या दिवशी तीच पुरावा-फाइल पुन्हा संकेतस्थळावर टाका, ब्लॉक क्रमांक आणि तारीख दिसते का पाहा आणि पूर्ण झालेली फाइल उतरवून घ्या. अपुरीच ठेवली आणि पुढे ती देणारा सर्व्हर बंद पडला तर हातात काही राहत नाही. पूर्ण झालेली फाइल मात्र कोणत्याही सर्व्हरशिवाय, थेट बिटकॉइनच्या नोंदींशी ताडता येते. ब्लॉकवरची वेळ तासा-दोन तासांनी इकडेतिकडे असू शकते, तेव्हा तारखेवर भर द्या, मिनिटांवर नको.

शेवटचं पाऊल सर्वांत महत्त्वाचं आहे आणि त्याला इंटरनेटही लागत नाही. महिन्याचा हॅश नोटीस बोर्डावर लावा आणि पुढच्या मेंटेनन्स बिलाच्या तळाशी छापा. कारण नुसत्या शिक्क्यात एक मोठी पळवाट आहे: एखादा माणूस एकाच महिन्याचे दोन वेगवेगळे हिशेब बनवून दोन्हींवर शिक्का घेऊ शकतो आणि पुढे सोयीचा तेवढा बाहेर काढू शकतो. फाइल तेव्हा होती हे शिक्का सांगतो. ती एकमेव होती हे सांगत नाही. शंभर घरांत गेलेल्या बिलांवर एकच हॅश छापलेला असला की दुसऱ्या आवृत्तीला जागा उरत नाही. शिक्का घेऊन बिलावर छापायचं टाळणाऱ्या सोसायटीने अर्धंच काम केलेलं असतं.

जुळत नाही तेव्हा

हॅश जुळला नाही म्हणजे लबाडी झाली, असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा कारण साधं असतं.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं बिल आकसतं आणि वेगळी फाइल होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर जसंच्या तसं जातं. गूगल ड्राइव्हवर पीडीएफ ठेवली तर ती तशीच परत मिळते, पण एक्सेल टाकून ती शीट्समध्ये रूपांतरित झाली की उतरवलेली फाइल मूळची राहत नाही. बँक स्टेटमेंटचं प्रकरण जास्त फसवं आहे. तेच स्टेटमेंट दुसऱ्यांदा उतरवलं तर आतले आकडे तेच असतात, पण फाइल बनवल्याची वेळ नवी पडू शकते आणि हॅश वेगळा येतो. म्हणून पहिली उतरवलेली फाइलच जपा. पासवर्ड लावलेली असेल तर तशीच ठेवा, प्रिंट-टू-पीडीएफ करून पासवर्ड काढू नका. पासवर्ड लिहून कपाटात ठेवा.

यादीच्या टेक्स्ट फाइलचे घोळ आणखी बारीक असतात. पॉवरशेल हॅश मोठ्या लिपीतल्या अक्षरांत देतं, शासम लहान. आकडा एकच, पण टेक्स्ट म्हणून यादी वेगळी आणि तिचा हॅशही वेगळा. आधीच ठरवा: सगळं लहान अक्षरांत. विंडोज आणि मॅक ओळीचा शेवट वेगवेगळ्या चिन्हांनी करतात, म्हणून यादी ईमेलच्या मजकुरात चिकटवून पाठवू नका, जोडपत्र म्हणूनच पाठवा. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडा आणि दर महिन्याला तेच ठेवा.

हिशेबातच खरी चूक सापडली तर? समजा, मे महिन्यात लिफ्टच्या एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) रक्कम चुकीच्या खात्यात गेली. मेची फाइल बदलायची नाही. चालू महिन्यात उलटी नोंद करायची आणि 'दुरुस्ती पत्रक' नावाची एक पानी पीडीएफ साखळीत घालायची: काय चुकलं, कोणत्या व्हाउचरला, कोणाच्या मंजुरीने सुधारलं. टॅलीमध्ये एडिट लॉग चालू ठेवा. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असा बदलांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे. सोसायटीला तो नियम लागू नसला तरी सोय त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ती वापरायला काही खर्च नाही.

उशीर हा दुसरा शत्रू. मार्चच्या कागदांवर जुलैत शिक्का घेतला तर सिद्ध होतं ते एवढंच की जुलैत हे कागद होते. मार्च ते जुलै काय झालं, याबद्दल साखळी गप्प राहते. खजिनदार बदलताना नेमके दोन-तीन महिने राहून जातात. म्हणून जुन्या-नव्या खजिनदारांच्या हस्तांतर पत्रात शेवटचा हॅश लिहायची सवय लावा.

मूळ फाइल हरवली तर पुरावा-फाइल निरुपयोगी, आणि पुरावा-फाइल हरवली तर मूळ फाइलची तारीख गेली. दोन्ही एकत्र, तीन ठिकाणी ठेवा: सोसायटीचा संगणक, ऑफिसच्या कपाटातला पेनड्राइव्ह, आणि कमिटीत नसलेल्या एखाद्या सभासदाकडे एक प्रत. त्या तिसऱ्या प्रतीत लोकांची खासगी माहिती असेल, तर ती फाइल पासवर्डने बंद करून द्या.

३१ जुलैपर्यंत लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा, हे वेळापत्रक सहकार कायद्याने ठरलेलं आहे. सभेआधी ऑडिटरला किंवा दोन सभासदांना कोणतेही तीन महिने निवडू द्या. त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर हॅश काढून जुन्या बिलावर छापलेल्या ओळीशी ताडावा. रोजच्या पाहणीला पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं पुरतात. वाद असेल तर सगळी ६४.

रीडेव्हलपमेंटमध्ये कोणते कागद गोठवायचे

ठाण्यात आज सर्वाधिक पैसा आणि सर्वाधिक संशय रीडेव्हलपमेंटभोवती आहे. इथे महिन्याची वाट पाहू नका, घटना घडेल त्याच दिवशी शिक्का घ्या. सर्वांत आधी चटई क्षेत्राची यादी. आर्किटेक्टने प्रत्येक फ्लॅट मोजला की आकड्यापुढे सभासदाची सही घ्या, पूर्ण यादी स्कॅन करा, हॅश काढा आणि निविदा उघडण्याआधी तो इतिवृत्तात लिहा. पुढे वाढीव क्षेत्राची टक्केवारी याच आकड्यावर चालते. ४०० चौरस फुटांच्या घरात मोजणी दहा फुटांनी बदलली तर ३५ टक्के वाढीसकट साडेतेरा फूट हलतात, आणि ठाण्याच्या भावात ती रक्कम लाखांत जाते.

त्यानंतर आलेल्या सर्व निविदा, उघडल्याच्या दिवशी, सगळ्यांसमोर स्कॅन करून. मग प्रकल्प सल्लागाराचा तुलनात्मक अहवाल. मग विकासक निवडीच्या सभेचं चित्रीकरण: सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे चित्रीकरण सांगितलेलंच आहे, पण ती फाइल सभेनंतर कोणाच्या तरी फोनमध्ये पडून राहते. कॅमेऱ्याच्या कार्डातून फाइल थेट कॉपी करा, कापाकापी किंवा आकार लहान करण्याआधी हॅश काढा. व्हिडिओ मोठा असला तरी हॅश ६४ अक्षरांचाच येतो.

पर्यायी निवासाच्या भाड्याचा माग ठेवायला वेगळा तक्ता करा: सभासद, महिना, ठरलेलं भाडं, मिळाल्याची तारीख, बँक व्यवहार क्रमांक. विकासकाने 'सगळ्यांना दिलं' म्हणणं आणि अकरा जणांचं दोन महिन्यांचं बाकी असणं, यातला फरक हा तक्ता महिन्याच्या साखळीत असला तरच वेळेवर दिसतो.

कोर्टात याचं काय होतं

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याच्या नमुन्यात फाइलचा हॅश आणि तो कोणत्या रीतीने काढला हे लिहायची जागा आहे. एसएचए-२५६ चं नाव तिथे छापलेलंच आहे. भाग अ कागद हजर करणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. तुमच्याकडे त्या वेळी काढलेला हॅश आणि त्यावर बाहेरचा शिक्का असेल तर नंतर काढलेल्या हॅशला आधार मिळतो. पण कायद्याने ब्लॉकचेनला वेगळा दर्जा दिलेला नाही, आणि प्रमाणपत्र नसेल तर साखळी कितीही चोख असली तरी कागद अडतो. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात, जुन्या कायद्याखाली, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये प्रमाणपत्राची सक्ती स्पष्ट केली. तिथेही मुद्दा वेळेचाच होता: उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतले का, हे व्हिडिओवरून ठरवायचं होतं.

फ्लॅटच्या मालकीचे कागद

इथे सर्वांत जास्त गैरसमज विकले जातात, म्हणून स्पष्ट सांगायला हवं. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आणि नोंदणी कायदा १९०८ चा, आणि दोन्ही आज लागू आहेत. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दस्त नोंदवल्याशिवाय ब्लॉकचेनवरचं कोणतंही डिजिटल टोकन तुम्हाला घरमालक करत नाही. 'फ्लॅटचा दहावा हिस्सा टोकनमध्ये घ्या' असं कोणी सांगितलं तर सेबीकडे नोंदणी आहे का, एवढंच विचारा. छोट्या हिश्श्यांत मालमत्ता विकण्यासाठी सेबीने मार्च २०२४ मध्ये लघु व मध्यम रीटची (मालमत्तेत सामूहिक गुंतवणूक करणाऱ्या न्यासांची) चौकट आणली आहे.

मग घरमालकाने हॅश कशासाठी काढायचा? स्वतःची फाइल पूर्ण आणि न बदललेली आहे हे दाखवण्यासाठी. बिल्डरकडून झालेल्या पहिल्या करारापासून आजपर्यंतचे सगळे करार, प्रत्येकाचा इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), मुद्रांक शुल्काची पावती, ताबापत्र, महापालिकेची ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), शेअर सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजू. मागची बाजू लोक विसरतात, आणि हस्तांतराच्या नोंदी तर मागेच असतात. नवी मुंबईत यात सिडकोचा लीज डीड आणि प्रत्येक विक्रीच्या वेळचा हस्तांतर आदेश जोडा. सिडकोचे भूखंड साधारण ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेले आहेत, त्यामुळे मधल्या एखाद्या विक्रीचा आदेश नसेल तर पुढची विक्री तिथेच अडते. गृहकर्ज फिटलं असेल तर बँकेचं ना-देय पत्र आणि मूळ कागद परत मिळाल्याची यादीही घ्या.

घर विकत घेताना मात्र हॅशवर भिस्त ठेवू नका, कारण खोट्या कागदाचाही हॅश तितकाच सुबक निघतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये जुने दस्त पाहा, सोसायटीत जाऊन जे रजिस्टरमध्ये नाव ताडा आणि सरसाई या तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदीत त्या मालमत्तेवर कर्ज आहे का ते नाममात्र शुल्क भरून शोधा. एकाच फ्लॅटवर दोन-तीन बँकांकडून कर्ज उचलण्याचे प्रकार रोखण्यासाठीच ही नोंद २०११ मध्ये सुरू झाली.

नॉमिनेशन फॉर्मवर ज्या दिवशी पोच दिली त्याच दिवशी शिक्का घ्या. पण सार्वजनिक साखळीवर नाव, आधार क्रमांक, मोबाइल काहीही जाऊ देऊ नका. मोबाइल क्रमांकाचा नुसता हॅशही सुरक्षित नसतो: दहा आकड्यांच्या सगळ्या शक्यता साधा संगणक चटकन तपासून क्रमांक ओळखू शकतो. पूर्ण पानाच्या स्कॅनचा हॅश असा ओळखता येत नाही.

सरकारी दाखल्यांतही हीच रीत वापरली गेली आहे. गडचिरोलीतल्या एटापल्ली उपविभागाने २०२२ मध्ये जातीच्या दाखल्यांची पडताळणी पॉलिगॉन या साखळीवर आणली. दाखला द्यायचा अधिकार अधिकाऱ्याकडेच राहिला. दिलेला दाखला बदलला नाही ना, एवढं कोणालाही तपासता येऊ लागलं.

'ब्लॉकचेन सॉफ्टवेअर' विकायला कोणी आलं तर

तीन प्रश्न पुरतात. साखळीच्या प्रती किती जणांकडे आहेत आणि ते सगळे तुमच्याच कंपनीचे आहेत का? तुमचा सर्व्हर बंद असताना आम्हाला पुरावा तपासता येईल का? करार संपल्यावर सगळं कोणत्या रूपात परत मिळेल? सगळ्या प्रती एकाच कंपनीकडे असतील तर तो साधा डेटाबेसच आहे, आणि त्यात कंपनीला हवा तो बदल करता येतो. न्हावा-शेव्यातून माल पाठवणाऱ्यांना ट्रेडलेन्स या मालवाहतुकीच्या ब्लॉकचेन-व्यासपीठाचं नाव आठवत असेल. मर्स्क आणि आयबीएम यांच्यासारखे मोठे पाठीराखे असूनही ते व्यासपीठ २०२३ च्या सुरुवातीला बंद झालं.

खासगी साखळी, म्हणजे ठरावीक सदस्यांपुरती ब्लॉकचेन, जिथे शोभते असं एक ठिकाण म्हणजे एकमेकांवर पूर्ण विश्वास नसलेल्या, पण एकाच गोष्टीची खात्री हवी असलेल्या संस्था. रबाळे, महापे, तुर्भ्यातल्या लघुउद्योगांना याचा उपयोग होतो, जरी पडद्यावर ते दिसत नसलं तरी. ट्रेड्स या बीजकं वटवण्याच्या ऑनलाइन मंचांवर बीजक टाकून आधीच पैसे उचलता येतात. तेच बीजक दोन मंचांवर टाकून दोनदा पैसे घेतले जाऊ नयेत म्हणून २०१८ मध्ये तेव्हाचे तिन्ही मंच एका सामायिक साखळीला जोडले गेले: ग्राहकाचं नाव किंवा भाव एकमेकांना न सांगता नुसते हॅश ताडले जाऊ लागले. २५० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना आता ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा मोठ्या ग्राहकाकडे पैसे अडकले असतील तर तो मंचावर आहे का, हे आधी पाहा.

फसवणुकीत गेलेल्या पैशाचा माग

'टास्क' आणि ट्रेडिंगच्या नावाखाली फसलेल्यांचे पैसे अनेकदा यूएसडीटीत (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो चलन) वळवून बाहेर जातात. बँकेतून पैसे गेले असतील तर सगळं सोडून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत समोरच्या खात्यातली रक्कम गोठण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. तुम्ही स्वतः क्रिप्टो वॉलेटमधून पाठवलं असेल तर आणखी चार गोष्टी लागतील: व्यवहाराचा हॅश (६४ अक्षरं, इथेरियमवर त्याआधी शून्य-एक्स), ज्या पत्त्यावर पाठवलं तो पूर्ण पत्ता, नेमकी रक्कम, आणि साखळीचं नाव (ट्रॉन, इथेरियम वगैरे). ट्रॉनचे पत्ते टी अक्षराने सुरू होतात आणि ३४ अक्षरांचे असतात. इथेरियमचे शून्य-एक्सने सुरू होतात, ४२ अक्षरांचे. पत्ता हाताने उतरवू नका, कॉपी करा आणि सगळी अक्षरं ताडा. सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं सारखी असलेले पत्ते बनवून किरकोळ रक्कम पाठवणं ही चालू युक्ती आहे. इतिहासातून पत्ता उचलणारा तिथेच फसतो.

ट्रॉनस्कॅन किंवा इथरस्कॅन या साखळीवरचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर व्यवहाराचा हॅश टाका. पैसे पुढे कोणत्या पत्त्यावर गेले, कधी गेले हे दिसतं. प्रत्येक उडीची तारीख, वेळ, रक्कम आणि पत्ता एका तक्त्यात लिहा. पाच-सहा उड्यांत बहुतेक वेळा एखाद्या एक्स्चेंजचं (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीचं) नाव लावलेला पत्ता येतो. तिथे थांबा. एक्स्चेंजच्या वॉलेटमध्ये हजारो लोकांचे पैसे एकत्र असतात, त्यामुळे तिथून पुढे बाहेर जाणारी रक्कम तुमचीच आहे असं समजणं चूक आहे. पुढची माहिती एक्स्चेंजच्या केवायसी नोंदीत असते आणि ती पोलिसांच्या नोटिशीवरच मिळते. नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली निघते. तक्ता आणि पडद्याची चित्रं सायबर पोलीस ठाण्यात तक्रारीसोबत द्या. यूएसडीटी काढणारी टेदर कंपनी एखादा पत्ता गोठवू शकते, पण त्यासाठीही मागणी तपास यंत्रणेकडून जावी लागते, म्हणून तक्रारीत तसं लेखी म्हणा. साखळीवर झालेला व्यवहार मागे फिरवणारं बटण कोणाकडेच नसतं. 'दहा टक्के आगाऊ द्या, पैसे परत आणून देतो' असा निरोप तक्रारीनंतर टेलिग्रामवर आला, तर त्याचाही क्रमांक आणि पत्ता त्याच तक्रारीला जोडा.